पाणी किती हातावर?

विहिरीचं पाणी मोजणं ही माझी नोकरी होती. एकतीस वर्षं. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून चार वेळा ठरलेल्या गावच्या ठरलेल्या विहिरीवर जायचं, काठावरून टेप सोडायचा, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं आणि पुढच्या गावाची एसटी गाठायची. आमचे सासरे पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "आमचे जावई विहिरीत डोकावतात." पाहुणे हसायचे. मी तापट माणूस आहे, पण त्या वाक्यावर तापायला जागाच नव्हती. खरोखर तेवढंच करत होतो.

या एकतीस वर्षांत माझ्यापेक्षा चांगलं मोजणारं एकच माणूस मला भेटलं. ती तानाबाई. तिच्याविषयी लिहायला बसलो आहे. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. हिंगणघाट तालुक्यात वडनेरच्या पुढे एक फाटा लागतो, तिथून आत जायचं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर चार जण फोन करून भांडतील. भांडायला मी कमी नाही, पण या वयात डॉक्टरने मनाई केली आहे.

गावाच्या पूर्वेला नाला आहे आणि नाल्याच्या काठापासून चाळीस पावलांवर बौद्ध वस्तीची विहीर. छप्पन सालाच्या आधी या वस्तीतल्या बायांना गावच्या विहिरीवर घागर बुडवू देत नसत. त्या नाल्यात उतरायच्या आणि झिरा करायच्या. म्हणजे रेतीत हातानेच खड्डा उकरायचा, थोडा वेळ बसून राहायचं, खड्ड्याच्या तळाला पाणी झिरपून येतं, ते वाटीवाटीने घागरीत भरायचं. उन्हाळ्यात तो नाला वरून ठणठणीत कोरडा दिसे. पण रेती आणि गोट्यांच्या पोटात पाणी असे, आणि हे बायांइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

छप्पन साली वस्तीने धम्म घेतला आणि पुढच्या दीड वर्षात स्वतःची विहीर खोदली. खोदणाऱ्यांत पुढे होते झिंगुजी, तानाबाईचे सासरे. जागा शोधायला त्यांना कोणाला बोलवावं लागलं नाही. ज्या झिऱ्याने कधीच दगा दिला नव्हता, त्याच्या सरळ रेषेत काठावर येऊन त्यांनी कुदळ मारली. आठ हात काळी माती लागली, मग नाल्यात आहेत तसेच रेती-गोटे, आणि खाली खडक. बावीस हातांवर तळ आला.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. कोणाचा हात, असा प्रश्न नव्हता. झिंगुजींचा. त्यांच्या हाताने मोजून एक दोर केला, दर हाताला एक गाठ, दर पाचव्या गाठीला लुगड्याची चिंधी, टोकाला वजनासाठी लोटी. तेव्हापासून वस्तीत एक रिवाज पडला. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदना झाली की खीर वाटायच्या आधी सगळे विहिरीवर जमतात. वस्तीतलं सगळ्यांत वडील माणूस तो दोर विहिरीत सोडतं. पोरं ओरडून विचारतात, "पाणी किती हातावर?" आणि ते माणूस मोठ्याने आकडा सांगतं. वैशाखातला आकडा बहुतेक बारा नाहीतर तेरा. बहात्तरच्या दुष्काळात सोळा झाला होता, तो आजही लोकांच्या तोंडी आहे. झिंगुजींनंतर दोर त्यांच्या बायकोकडे आला आणि ती गेल्यावर तानाबाईकडे.

मी या विहिरीवर पहिल्यांदा टेप सोडला तेव्हा तानाबाई पन्नाशीची असेल. कमरेवर घागर घेऊन ती माझ्या मागे उभी राहिली.

"किती आलं?"

"सहा मीटर सतरा."

"मले मीटर नोका सांगू. हात सांगा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. "तेरा हात आणि वर थोडं."

"तेराच हाय. वरचं थोडं कुठून आणलं तुम्ही?" तिने घागर खाली ठेवली आणि काठाकडे बोट दाखवलं. "ह्या सिमिटाच्या काठावरून मोजून राह्यले न तुम्ही? हा पंचायतीनं मांगून चढवला. एक वीत उंच हाय. बुढ्याचा, माह्या सासऱ्याचा, दगड हा खालचा. इथून मोजा."

मी खालच्या दगडावरून पुन्हा टेप सोडला. बरोबर तेरा हात. माझ्या आधीच्या माणसाने काठ उंच झाल्यापासून सगळे आकडे एक वीत जास्त लिहिले होते, आणि मीही तेच करणार होतो. मला राग आला, तिचाच आला, कारण ती बरोबर होती. पुढे मी दर खेपेला टेपाआधी तिला विचारायचो. वहीत आकडा माझा जायचा, पण जुळवून बघायचो तिच्या दोराशी. ती मला 'टेपवाले सायेब' म्हणायची, आणि मी पुस्तकी मराठीत बोलतो म्हणून पोरांसमोर माझी नक्कल करायची. वस्तीत चहा झाल्याशिवाय मला कधी परत जाऊ दिलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितो आहे ती सांगतो.

चार वर्षांपूर्वीचा मार्च. मोजणी झाली होती, फाट्यावर एसटी यायला वीस मिनिटं होती आणि मी चपला घालत होतो. तानाबाई म्हणाली, "सायेब, पंचायत नाल्याचं खोलीकरण करून राह्यली. फुकटात. कोणी ठेकेदार हाय मोठ्या रस्त्याचा. चांगलं असते का ते?"

मी म्हणालो, "चांगलंच. पाणी साठतं." आणि निघालो.

एवढंच बोललो. खोलीकरण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते गाळ काढण्याचं काम, तीन फूट, फार तर चार. तसली कामं मी पुष्कळ पाहिली होती. किती खोल जाणार, काय काढणार, काढलेलं कुठे नेणार, यातलं एकही मी विचारलं नाही. ज्या बाईने मला एका वितीची चूक दाखवली होती, तिला मी चपलेत पाय घालता घालता उत्तर दिलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढचं मला रुपेशने सांगितलं. रुपेश तानाबाईचा मुलगा, घरं बांधणारा मिस्त्री. ग्रामसभेत सरपंच रूपरावजींनी ठराव वाचला. रूपरावजी वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगतो. शेतकरी माणूस, गावाला पाणी मिळावं म्हणून हावरा. 'नाला खोलीकरण करणे, गावास विनामूल्य.' बाजूला ठेकेदाराचा माणूस ओमप्रकाश हात जोडून उभा होता. हिंदी बोलायचा, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला आपलंच वागणं उद्धट वाटावं. रूपरावजी म्हणाले, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. कोणी केला नाही. विरोध म्हणून नव्हे. पाण्याचा विषय, म्हणून सगळे तानाबाईकडे पाहत होते.

तानाबाईने हात वर केला. "टेपवाल्या सायबानं बी चांगलं म्हणलं," असंही म्हणाली. मग सगळी सभा हात वर करून बसली.

आठवड्याने दोन पोकलेन आले. पहिले तीन दिवस गाळ निघाला, तो लोकांनी आनंदाने शेतात नेला. चौथ्या दिवसापासून खालचे रेती-गोटे निघायला लागले आणि टिप्परच्या रांगा लागल्या. ते रस्त्याच्या भरावासाठी जाम गावाकडे जायचे, तिथल्या चौकाच्या अलीकडे ठेकेदाराचं आवार होतं. चार फूट झालं, आठ फूट झालं, लोकांना वाटलं आता थांबतील. पंधरा फुटांवर खडक लागला तेव्हा थांबले. एवढ्या वेळात नाल्याची रुंदी दुप्पट झाली होती.

वस्तीच्या थोडं खाली नाल्यात एक आडवा खडक होता, या काठापासून त्या काठापर्यंत. बाया त्याला उंबरठा म्हणायच्या आणि त्यावर धुणी धुवायच्या. रेतीतलं पाणी खाली वाहून जाऊ नये म्हणून जणू कोणी मुद्दाम घालून ठेवला होता. टिप्परला चढायला तो आडवा येत होता. एका दुपारी ब्रेकर लावून तो फोडला. तानाबाई तिथे धावत गेली.

"हा काऊन फोडला? हा त नाल्याचा उंबरठा हाय!"

ओमप्रकाशने हात जोडले. "माताजी, जितना गहरा होगा, उतना ज्यादा पानी रुकेगा. देखना आप."

आणि बघायला मिळालंही. यंत्रं उभी होती तेव्हाच खड्ड्यात पाणी यायला लागलं. पाऊस नाही, काही नाही, भर एप्रिलमध्ये निळंशार पाणी. अख्खं गाव बघायला लोटलं. रूपरावजींनी नारळ फोडला. पोरं पोहली. शेजारच्या गावचे लोक म्हणाले, आमच्याकडेही करा. मोबाइलवर फोटो काढून लोकांनी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवले.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला तानाबाईने दोर सोडला. पोरांनी विचारलं, "पाणी किती हातावर?" तिने दोर वर ओढला, पुन्हा सोडला. दोर कुठे अडकला असेल, असं कोणीतरी म्हणालं. तिसऱ्यांदा सोडला आणि म्हणाली, "अठरा."

आदल्या वर्षी तेरा होतं. शंभर पावलांवर खड्ड्यात पोरं सूर मारत होती आणि इथे विहिरीचं पाणी पाच हात खाली गेलं होतं. खीर तशीच थंड झाली, असं रुपेश म्हणाला.

चार दिवसांनी माझी मेची मोजणी आली. तानाबाईने नेहमीप्रमाणे टिंगल केली नाही. काठावर बसून राहिली. मी खालच्या दगडावरून टेप सोडला. आठ मीटर बावीस. अठरा हात.

"आता सांगा," ती म्हणाली. "चांगलं असते का?"

मला समजायला एक मिनिटही लागलं नाही. पुस्तकात जे शिकलो होतो, ज्याची परीक्षा देऊन नोकरी लागली होती, ते सगळं समोर होतं. नाल्यातले रेती-गोटे आणि विहिरीतले रेती-गोटे एकच. पावसाचं पाणी त्यांच्यात मुरायचं, खडकावर थांबायचं, आणि उन्हाळाभर थोडं थोडं विहिरीला मिळायचं. ते पाण्याचं कोठारच होतं, आणि आम्ही ते टिप्परमध्ये भरून जामला पाठवलं. मी हे समजावून सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मालूम हाय मले. माठाले खालून भोक पाडलं अन् परातीत पाणी पाहून नाचून राह्यले." मी वहीत आकडा लिहिला. त्या दिवशी तिने चहा केला, पण मी तो तसाच ठेवून निघालो.

त्या ऑक्टोबरमध्ये मी निवृत्त झालो. शेवटची मोजणी तिथलीच केली. भरपूर पाऊस होऊनही विहीर नेहमीसारखी वर आली नव्हती. पूर्वी नाला होळीपर्यंत बारीक धारेने वाहायचा, त्या वर्षी संक्रांतीच्या आतच वाहणं बंद झालं. खड्ड्यात मात्र पाणी होतं, आणि रस्त्यावर मारायला ठेकेदाराचे टँकर ते रोज भरून नेत होते.

जानेवारीत रुपेशचा फोन आला. "सायेब, दुसरा टप्पा येऊन राह्यला. नाल्याच्या वरच्या अंगाले, आनंदाबाईच्या वावरापर्यंत. सव्वीस जानेवारीच्या सभेत ठराव हाय. मायनं तुमाले बलावलं. टेप घेऊन येजा म्हणे."

मी नालवाडीच्या घरून निघालो. बायको म्हणाली, निवृत्त झालात ना? मी म्हणालो, माणूस निवृत्त झाला, चूक नाही झाली.

सभेच्या आदल्या दिवशी तानाबाईने रूपरावजींना खड्ड्यावर बोलावलं होतं. आनंदाबाईही आली होती. ती गावातल्या जुन्या शेतकरी घरातली. दुसऱ्या टप्प्याला लागूनच तिचं वावर आणि वावरात विहीर. आणखी पंधरा-वीस लोक जमले. रूपरावजी खड्ड्याकडे हात करून म्हणाले, "तानाबाई, जानेवारीत एवढं पाणी ह्या नाल्यात कधी पाह्यलं होतं का तुम्ही? डोळ्याले दिसून राह्यलं न?"

"दिसून राह्यलं," तानाबाई म्हणाली. "कोनाचं हाय ते पाहू. रुपेश, तुही नळी आण."

मिस्त्री लोकांकडे पारदर्शक नळी असते. त्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्ही टोकांतलं पाणी नेहमी एकाच पातळीला उभं राहतं, म्हणून घराचा पाया सरळ आहे की नाही ते कळतं. रुपेशने खड्ड्यातल्या पाण्याच्या पातळीपासून सुरुवात केली. उतारावर खुंट्या ठोकत, उंची मोजत, नळी पुढे पुढे नेत तो विहिरीच्या दगडापर्यंत आला. तासभर लागला. कोणीच घरी गेलं नाही. शेवटी त्याने बेरीज करून सांगितलं, "हिरीच्या दगडापासून खड्ड्यातलं पाणी सतरा हात खाली हाय."

तानाबाईने दोर आनंदाबाईच्या हातात दिला. "माह्या हातानं नाई. तुम्ही सोडा."

आनंदाबाईने दोर सोडला. लोटी पाण्याला लागल्याचा आवाज आला. तिने गाठी मोजल्या, पंधराची चिंधी हातात धरून पुढच्या दोन गाठी मोजल्या. "सतरा," ती म्हणाली. "दोन बोटं इकडं-तिकडं."

मी टेपाने मोजलं. सतरा.

"हे पाणी नवं नाई, रूपरावजी," तानाबाई म्हणाली. "थे माही हीर हाय. उघडी पडली."

रूपरावजी म्हणाले ते अगदीच चूक नव्हतं. "पन पाणी गेलं कुठी? इथंच त हाय."

"हाय न. जमिनीत होतं तवा झाकून होतं. आता ऊन पिऊन राह्यलं अन् टँकरवाले भरून राह्यले. अन् उंबरठा फोडल्यापासून खालून वाहून राह्यलं थे वेगळंच." आनंदाबाई आपल्या वावराच्या दिशेने पाहत होती. तिच्या विहिरीतही याच थरातलं पाणी होतं, हे तिला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. रूपरावजींनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. पुन्हा सगळे तानाबाईकडे पाहायला लागले. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. इकडे चार, तिकडे पाच, असे हात वर झाले. काहींनी अर्धे करून खाली घेतले. ग्रामसेवक लिहीत होता.

"विरोधात?" रूपरावजींनी विचारलं.

तानाबाई उभी राहिली आणि तिने उजवा हात वर केला. एकटीने. ग्रामसेवकाने मान वर केली नाही, आणि ती का केली नाही हे मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. वहीत आधीच लिहिलेलं होतं, 'सर्वानुमते मंजूर.' सगळीकडे आधीच लिहून ठेवतात, या गावाला मी वेगळा दोष देत नाही.

"खोडा थे," तानाबाई म्हणाली. "लिहा, विरोधात तानाबाई झिंगुजी. लिहून होयेपर्यंत हात खाली नाई घेत."

तानाबाई झिंगुजी! नवऱ्याचं नाव न सांगता सासऱ्याचं सांगितलं, विहीर ज्याच्या हाताने मोजली त्याचं. ग्रामसेवक रूपरावजींकडे बघतो, रूपरावजी छताकडे. ती तशीच उभी. सत्तरीचा हात, पहिल्या मिनिटाला सरळ होता, मग कोपरात वाकायला लागला. डाव्या हाताने तिने उजव्याचं कोपर धरलं. रुपेश हळूच म्हणाला, "माय, बस न." तिने ऐकलं नाही. मी, निवृत्त सरकारी माणूस, त्या गावचा मतदार नसलेला, उगाच भिंतीला टेकून उभा राहिलो.

मग आनंदाबाईचा हात वर आला. तिच्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, ती समोर पाहत राहिली. मग वस्तीतल्या बाया. मग गावातले दोघं-तिघं शेतकरी, ज्यांची वावरं वरच्या अंगाला होती. ग्रामसेवकाने ओळ खोडली. ठराव पुढच्या सभेत ठेवायचं ठरलं, आणि पुढच्या सभेआधीच पोकलेन दुसऱ्या गावच्या नाल्यावर निघून गेले. त्या गावाचंही नाव मी लिहीत नाही.

मला वाटलं, जिंकलो. गावात बऱ्याच जणांना वाटलं. मी परतताना तानाबाईला तसं म्हणालोही. ती हात चोळत बसली होती. म्हणाली, "जे नेलं थे आणून देते का कोनी?"

कोणी देत नाही. खड्डा बुजवला तरी मातीने बुजेल, मातीत पाणी तसं राहत नाही. नाला पावसाळ्यात थोडीफार रेती आणतो, पण जेवढी दोन महिन्यांत नेली तेवढी आणायला त्याला किती पिढ्या लागतील हे मला सांगता येणार नाही, आणि मी एकतीस वर्षं हेच काम केलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात विहीर एकोणीसवर गेली. त्यानंतर खड्डाही होळीलाच आटला. तळाला चिखल, मग भेगा, आणि त्या भेगांत एक पोहण्याची ट्यूब अडकलेली. वस्तीला आता नळ आहे, दोन दिवसांआड येतो, कधी येत नाही. बाया पुन्हा घागरी घेऊन नाल्यात उतरल्या होत्या झिरा करायला, असं रुपेश म्हणाला. पण झिरा रेतीत होतो. खडकात कसा होणार?

या वर्षी बुद्धपौर्णिमेला मी पहिल्या एसटीने गेलो. वंदना झाली. खिरीचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. सगळे विहिरीवर आले, आनंदाबाई आली, मागे रूपरावजीही येऊन उभे राहिले. मी त्यांच्याही मागे होतो. टेप खिशात होता, तो काढायचं धाडस झालं नाही.

तानाबाईने दोर सोडला. दहाची चिंधी गेली, पंधराची गेली, विसाची गेली. मग दोर सैल पडला. लोटी दगडावर वाजली, पाण्यावर नाही.

पोरांना काही कळलं नव्हतं. ती दरवर्षीसारखी ओरडली, "पाणी किती हातावर?"

"बावीस," तानाबाई म्हणाली. "दोर तयाले टेकला. पाणी नाई."

 ती दोर वर ओढत राहिली, कोरडा दोर, एकेक गाठ काठावर गोळा करत. सगळा वर आल्यावर तिने तेराव्या गाठीला बोट लावलं आणि तिथून पुढच्या नऊ गाठी सगळ्यांसमोर धरल्या.

"नऊ हात उतरली हीर," ती म्हणाली. "लोक ठेकेदाराचं नाव घेते. घ्या. पन पोराहो, ह्या नवातला पयला हात माहा हाय. सभेत म्याच वर केला होता."

रुपेश खाली बघत होता. रूपरावजींनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं आता ती माझ्याकडे पाहील. तिने पाहिलं नाही. तिने चार वर्षांत एकदाही मला त्या वीस मिनिटांबद्दल बोल लावला नव्हता, आणि आताही लावणार नव्हती.

"दुसरा माहा," मी म्हणालो.

आवाज हळूच निघाला. पुढच्या दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं. तानाबाईने दोर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदाच जुन्या खोडकर आवाजात म्हणाली,

"जोरानं सांगा, सायेब. पोरायले आइकू नाई आलं."